कार्डिओ कसा निवडावा : सात पायऱ्यांचे सुलभ मार्गदर्शन

व्यायाम सुरू करण्याचे वर्षात साडेतीन मुहूर्त असतात. १ जानेवारी, गुढीपाडवा आणि रक्ततपासणीचा रिपोर्ट हाती पडतो तो दिवस, हे तीन पूर्ण. उरलेला अर्धा म्हणजे येता सोमवार. यांपैकी कोणत्याही मुहूर्तावर माणसाने एकदम उठून व्यायामाला लागू नये. आधी निवड करावी. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण पत्रिका पाहतो, पगार पाहतो, घराण्याची चौकशी करतो. मग ज्याच्या हाती हृदय सोपवायचे त्या व्यायामाची निवड घाईघाईत कशी करावी? प्रस्तुत लेखकाने गेली अकरा वर्षे या विषयाचा सखोल, आणि बहुतांशी बसून, अभ्यास केला आहे. त्याचे सार पुढील सात पायऱ्यांत दिले आहे.

पायरी पहिली : नाव बरोबर घ्या

आपले आजोबा जेवणाआधी "जरा फिरून येतो" म्हणत आणि जात. त्यात दोन दोष होते. एक, त्याला नाव नव्हते. दोन, ते खरोखर जात. केनेथ कूपर या अमेरिकी हवाई दलातल्या डॉक्टरांनी १९६८ साली ‘एरोबिक्स’ नावाचे पुस्तक लिहिले आणि हृदय-फुप्फुसांना कामाला लावणाऱ्या व्यायामाला घरोघरी नाव मिळाले. आता त्यालाच कार्डिओ म्हणतात. ‘फिरून येतो’ला महिन्याची फी लावता येत नाही, कार्डिओला येते. घरात "मी सध्या कार्डिओचा विचार करतोय" असे दिवसातून दोनदा म्हणावे. पहिला महिना एवढ्यावर निघतो.

पायरी दुसरी : गणित सोडवा

हृदयाने मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके द्यावेत याचे जुने सूत्र आहे : २२० वजा वय. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी नवे सूत्र मांडले : २०८ वजा वयाच्या सात दशांश. बावन्न वर्षांच्या माणसाला जुने सूत्र १६८ ठोके देते, नवे जवळपास १७२. या चार ठोक्यांवर सोसायटीच्या कट्ट्यावर दोन आठवडे सहज वाद घालता येतो. वय नेमके चाळीस असेल तर मात्र दोन्हीकडून १८०च येतात आणि वादाला जागा राहत नाही. अशांनी वर्षभर थांबावे.

घड्याळ नसेल तर एक बिनखर्चाची चाचणी आहे. व्यायाम करताना बोलता येते पण गाता येत नाही, तर तो मध्यम. चार शब्द बोलून श्वास घ्यावा लागतो, तर तो जोरकस. गाताही येते, तर तुम्ही अजून खुर्चीतच आहात. (छातीत दुखत असेल, चालताना चक्कर येत असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. हे एवढे वाक्य गमतीचे नाही.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. पूर्वी त्यात किमान दहा मिनिटे सलग करण्याची अट होती. २०२० साली तीही काढली; मिनिट-दोन मिनिटांची हालचालसुद्धा हिशेबात धरावी म्हणतात. ही बातमी घरात फुटू देऊ नये. जिना चढण्यालाही व्यायाम म्हटले तर निवड करायला उरते काय?

पायरी तिसरी : चालणे फेटाळा

चालण्यावरचा मुख्य आक्षेप म्हणजे ते येते. जे आधीच येते ते शिकायला गुरू लागत नाही, गुरू नाही तर फी नाही, आणि फी भरलेली नसली की बुडवल्याचे दुःखही नाही. तरी चालायचेच असेल तर दहा हजार पावलांचा आग्रह धरावा. हा आकडा कोण्या ऋषीने सांगितलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विकायला आले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मीटर. आधी नाव ठरले, आरोग्य मागून चालत आले. दहा हजाराचा फायदा असा की ९,४०० झाली की आजचा दिवस फुकट गेला म्हणून उद्या सुट्टी घेता येते.

पुणेकरांसाठी टेकड्या आहेत. हनुमान टेकडीवर किंवा तळजाईवर पहाटे चारचौघांचे टोळके राजकारणावर बोलत चढते. बोलता येते, गाता येत नाही, म्हणजे चाचणीनुसार व्यायाम चोख. खाली उतरल्यावर चहा आणि क्रीमरोल घेऊन शरीर पूर्वस्थितीत आणले जाते. रविवारी हाच प्रयोग सिंहगडावर मोठ्या प्रमाणात होतो. आतकरवाडीकडून पायी चढणे हा उत्तम, घाम काढणारा व्यायाम आहे, यात शंका नाही. शंका आहे ती वरच्या कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्याबद्दल. चढताना कमावलेले माथ्यावरच दान करून मोकळ्या हाताने खाली येणे, यालाच गडावर त्याग म्हणतात.

पायरी चौथी : धावण्याची खरेदी करा

धावणे या व्यायामाचे तीन टप्पे आहेत : बूट घेणे, बुटांबद्दल बोलणे आणि धावणे. पहिले दोन कोणीही करू शकतो. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली; आता ती जानेवारीत होते. तिचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. धावायचे नसेल तरी शेवटचे १९५ मीटर बोलताना गाळू नयेत, त्यावरून जाणकार ओळखला जातो.

धावण्याचा हिशेब मात्र मन मोडणारा आहे. एक किलोमीटरला शरीराच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी जळते. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाच्या सत्तर. वडापाव अंदाजे तीनशेचा. एका वडापावासाठी सव्वाचार किलोमीटर! वडापावची गाडी घरापासून दोनशे मीटरवर असताना इतका वळसा कोण घालणार?

पायरी पाचवी : यंत्र घरी आणा

ट्रेडमिल हे व्यायामाचे यंत्र म्हणून जन्माला आले नाही. विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८च्या सुमारास तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायऱ्यांचे फिरते चाक उभारले. कैदी तासन्‌तास चढत राहायचे आणि होते तिथेच राहायचे. ही शिक्षा फारच अमानुष आहे असे ठरून इंग्लंडमध्ये ती १८९८च्या कायद्याने मोडीत निघाली. त्या कैद्यांना हे यंत्र फुकट मिळे; आपल्याला ते हप्त्यांवर घ्यावे लागते, एवढीच प्रगती.

खरेदी करताना वेग, चढ असल्या गोष्टींकडे पाहू नये. दांडीची लांबी पाहावी. चांगल्या ट्रेडमिलवर एक चादर, तीन टॉवेल आणि शाळेचा गणवेश एका वेळी वाळतो. जुलैच्या झडीत हे यंत्र घरातल्या कोणत्याही माणसापेक्षा जास्त कामाला येते.

पायरी सहावी : परंपरेला मान द्या, लांबून

सायकल आणि पोहणे थोडक्यात निकालात काढू. पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर होते. आज सायकलवाल्याच्या हृदयाचे ठोके वाढतात ते बहुतेक मागून येणाऱ्या बसमुळे. पोहण्याचा फायदा गुडघ्यांना होतो, पण तलावाची जी बॅच आपल्याला जमते ती नेहमी भरलेली असते.

राहिले सूर्यनमस्कार. सलग आणि जरा वेगाने घातले तर हा अस्सल कार्डिओ आहे. पंचविसाव्याला गाता येत नाही, याची खात्री करून घ्यावी. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने नमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांनाही त्यांनी ते घालायला लावले. ते औंध सातारा जिल्ह्यातले. पुण्यातल्या औंधात फ्लॅट घेतला म्हणजे नमस्कार आपोआप घडतात, हा समज चुकीचा आहे. लेखकाने तीन वर्षे तिथे राहून पाहिले.

पायरी सातवी : संशोधन वाचा, आणि मिटून ठेवा

शेवटी एक धोक्याची सूचना. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास छापला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची त्यांनी तुलना केली होती. गाडी तीच, रस्ता तोच. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाला पाचशे-सहाशे पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला. पोस्टातही तेच दिसले : पत्रे वाटत हिंडणाऱ्यांपेक्षा खुर्चीवरच्या कारकुनांना त्रास जास्त. पुढे या निष्कर्षाला पुष्कळ फाटे फुटले, ड्रायव्हरांच्या कंबरेची मापेही निघाली, पण मुद्दा टिकला.

आता यातली मेख पाहा. त्या कंडक्टरने कार्डिओ निवडला नव्हता. त्याने सूत्र सोडवले नव्हते, बूट घेतले नव्हते, सोमवारची वाट पाहिली नव्हती. वरच्या मजल्यावर कोणीतरी तिकीट न काढता बसले होते, म्हणून तो चढला. असे संशोधन या मार्गदर्शनाच्या मुळावर येणारे आहे. म्हणून वाचून झाल्यावर ते मिटून ठेवावे.

परिशिष्ट : प्रात्यक्षिक

हा लेख पूर्ण झाला त्या दुपारी आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. लेखक चौथ्या मजल्यावर राहतो. सातही पायऱ्या पाठ असल्यामुळे बाकीच्या बाहत्तर पायऱ्यांची त्याला भीती नव्हती. दुसऱ्या मजल्यावर त्याने कठड्याला हात लावून ठोके मोजायला घेतले, पण २२० वजा की २०८ वजा, हे आठवेना.

तेवढ्यात मागून आमच्या कामाच्या मावशी आल्या. त्यांची ही दिवसातली तिसरी इमारत. खांद्यावर पिशवी, कानाला फोन, गावाकडच्या भावजयीशी लग्नाच्या याद्यांची चर्चा ऐन रंगात. चाचणीच्या भाषेत सांगायचे तर बोलणे अखंड, दम अजिबात नाही. आग्रह केला असता तर त्यांनी गाऊनही दाखवले असते. लेखकाला ओलांडून त्या वर गेल्या, मग थबकल्या, फोनवर हात ठेवून वळल्या.

"काका, उद्या नि परवा यायला जमायचं नाही मला. भाचीचं लग्न आहे. चालंल ना?"

घरी पाहुणे येणार होते. "नाही" हा शब्द दोनच अक्षरांचा. लेखकाने तोंड उघडले, श्वास आत घेतला, मग आणखी एक घेतला. शब्द निघालाच नाही. मान तेवढी वरखाली झाली, तीही धापेने.

"बरं झालं बाई," मावशी फोनवर म्हणाल्या, "काका हो म्हणाले." आणि उरलेले दोन मजले चढून गेल्या.

कार्डिओची निवड येत्या सोमवारी जाहीर करण्यात येईल. तोवर भांडी लेखक घासत आहे.