तोंडातली टूलरूम

भोसरी, आकुर्डी, तळवडे, चाकण या पट्ट्यात आजारसुद्धा मशीनच्या भाषेत होतात. गुडघ्यात 'प्ले' आलेला असतो, कमरेचं 'अलाइनमेंट' गेलेलं असतं, आणि बायपास झालेला माणूस 'पाइपलाइन नवी टाकली' असं सांगत फिरतो. दाताला मात्र इथे एकच आजार आणि एकच इलाज. किडलाय, सिमेंट भरून घे. दहा-वीस मायक्रॉनसाठी अख्खा लॉट परत पाठवणारी माणसं दाताच्या दवाखान्यात शिरली की "मागची, खालची, इकडची" असं बोट दाखवून गप्प बसतात.

मी एका व्हेंडरकडे क्वालिटीत आहे. ड्रॉइंग पाहिल्याशिवाय जॉबला हात लावायचा नाही, ही सवय अंगात मुरलेली. त्यामुळे मोशीतल्या तरुण डॉक्टरीणबाई माझ्या तोंडात आरसा घालून असिस्टंटला म्हणाल्या, "फोर सिक्स, डीप केरीज," तेव्हा मी खुर्चीतच उठून बसलो. माणसाला दात बत्तीस, मग हा सेहेचाळिसावा कुठून काढला?

"सेहेचाळीस नाही काका, चार-सहा," त्या म्हणाल्या. जबड्याचे चार भाग करायचे. पेशंटचा वरचा उजवा एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. मग मधल्या दातापासून मागे मोजत जायचं, एक ते आठ. चार-सहा म्हणजे खालच्या उजव्या बाजूची सहावी.

"म्हणजे पार्ट नंबर!"

"पार्ट नंबर," त्या हसून म्हणाल्या. प्रत्येक ओळीत शेवटचा जो आठ नंबर, ती अक्कलदाढ. अक्कल इथेही सगळ्यात उशिरा येते आणि बरेचदा जागा नाही म्हणून आडवी पडते. आमच्या ऑफिसात याला प्रमोशन म्हणतात.

त्यानंतर बाईंनी एक्स-रे स्क्रीनवर लावला. हे तर सेक्शनल ड्रॉइंगच. वर इनॅमल, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. त्याखाली डेंटिन, तो जरा मऊ. मधोमध पल्प, म्हणजे नस आणि रक्तवाहिन्या. कीड वरच्या दोन थरांत असेल तर खरवडून फिलिंग करतात, पल्पपर्यंत पोचली की रूट कॅनॉल. माझी पोचली होती.

"त्यापेक्षा एखादी गोळी द्या ना," मी म्हणालो. ज्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढे देशातच पेनिसिलिन बनू लागलं, तिथला रहिवासी दुसरं काय मागणार? पण बाईंनी ड्रॉइंगवर बोट ठेवलं. औषध रक्तातून जातं. आतला पल्प मेला की तिथला रक्तपुरवठा बंद. मग गोळी पोचणार कशी? बाहेरची सूज उतरेल, आतली घाण आत राहील. लाइनच बंद असेल तर पंप कितीही चालवा, हे मला तरी पटवून द्यायची गरज नव्हती.

मग ते यंत्र निघालं, ज्याच्या आवाजाला धीट धीट माणसं घाबरतात. मी आरपीएम विचारला. रिकामं फिरताना तीन ते चार लाख! आमचं व्हीएमसी मशीन बारा हजारांवर गेलं तर आम्ही पाहुण्यांना दाखवायला नेतो. टोकाला हिऱ्याचा किंवा टंगस्टन कार्बाइडचा बर, आणि वरून पाण्याचा फवारा. ते पाणी तोंड धुवायला नसतं, कूलंट असतं. दात तापला तर आतली नस भाजते. आमच्याकडे कूलंट बंद करून टूल चालवलं की सुपरवायझर आई-बापाचा उद्धार करतो, इथे तो अधिकार पेशंटला असायला हवा.

खरी कारागिरी पुढे. खालच्या दाढेला मुळं साधारण दोन, पण आत कॅनॉल तीन किंवा चार, तेही वाकडे. त्यात बोटांनी फिरवायच्या बारीक सुया जातात. त्यांना फाइलच म्हणतात, आणि त्यांचा नंबर म्हणजे टोकाचा व्यास. पंचवीस नंबर म्हणजे 0.25 मिलिमीटर, शिवाय दर मिलिमीटरला ठरलेला टेपर. खोली मोजायला फाइलवर रबराचा स्टॉपर, आणि मुळाचं टोक जवळ आलं की पीं पीं करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र. वाकड्या ब्लाइंड होलमध्ये तळ न फोडता मशीनिंग करायचं, आणि तेही जॉब लाळ गिळत असताना. मी भूल विसरून आदराने बघत होतो. शेवटी पोकळीत गटापर्चा भरतात. हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक. एकेकाळी समुद्राखालच्या तारेच्या केबलवर याचंच आवरण असे. निरोप पोचवणाऱ्या तारा सांभाळायचा तो चीक आता निरोप कायमचे बंद करायला वापरतात.

टपरीवर मात्र ही टेक्नॉलॉजी कोणी मानत नाही. फर्स्ट शिफ्ट सुटली की चहाबरोबर निदान होतं. "वरची दाढ काढली की नजर जाते." "दात साफ केले की हलायला लागतात." आमचे टूलरूमचे मिस्त्री यातल्या दुसऱ्या मताचे. त्यांना मी बॉयलरमधल्या स्केलची आठवण करून दिली. दातावरही तशीच पुटं बसतात आणि स्केलर सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरून ती उडवतो. पुटांनीच धरून ठेवलेला दात पुटं गेल्यावर हलला, तर दोष सफाईचा कसा? मिस्त्री विचारात पडले आणि त्या विचारात त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

त्यांना मी गो-नो गो गेज लावलं. डॉक्टरांची साधी तपासणी आहे: स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांचं तोंड आतून ताठर होत जातं, मग तीनची दोन होतात, दोनाचं एक. मिस्त्रींची तीन गेली, जरा घासून. "पास," ते म्हणाले. मी म्हणालो, "लिमिटवर आहे, मिस्त्री." तंबाखू त्यांनी खिशात ठेवली. फेकली नाही, पण होल्डवर टाकली.

पुढे ते पिंपरीच्या डी. वाय. पाटील डेंटल कॉलेजात गेले आणि खूश होऊन आले. विद्यार्थी प्रत्येक टप्प्याला सरांची सही घेतल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. "इन-प्रोसेस इन्स्पेक्शन बघावं तर तिथं!"

माझ्या दाढेवर कॅप बसली ती झिरकोनियाची. ती कॉम्प्युटरवर डिझाइन करून मिलिंग मशीनवर कापतात, तेही मुद्दाम पंचवीस टक्क्यांच्या आसपास मोठी, कारण पंधराशे अंशांच्या भट्टीत ती आकसून मापात येते. बसवल्यावर बाईंनी दातांत निळा कागद धरला आणि चावायला सांगितलं. जिथे निळा डाग गडद, तिथे हाय पॉइंट, तिथेच घासायचं. डायचे दोन भाग जुळवताना आमचे मिस्त्री निळा रंग लावून हेच करतात, फक्त ते मध्येच "आता बरं वाटतंय का?" असं डायला विचारत नाहीत.

इम्प्लांटची पाळी माझ्यावर आली नाही, तरी चौकशी केलीच. टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात, हाड त्याला काही महिन्यांत धरतं, आणि घट्ट करायला चक्क टॉर्क रेंच. सेटिंग बरेचदा 35 न्यूटन-सेंटिमीटर. चाकणच्या लाइनवर गाडीच्या चाकाच्या नटाला लागतो त्याच्या तीनशेव्या हिश्शाच्या आसपास. हे ऐकून जबडा जरा सैल सुटला.

शेवटी बिल आणि कॅपचं वॉरंटी कार्ड हातात आलं. आमच्याकडे वॉरंटीनंतरचा प्रश्न ठरलेला असतो. विचारला, "आणि एएमसी?"

"आहे ना काका," बाई म्हणाल्या. "सकाळी एकदा, रात्री झोपताना एकदा. लेबर तुमचं, मटेरियलही तुमचं."

कोटेशन कुठलंही असो, आपण घासाघीस केल्याशिवाय सोडत नाही. इथे ती रोज दोनदा करायची, एवढंच.