लोड कुठे जातो?

दुकानातल्या सोफ्यावर बसून न बघता तो उलटा करून बघणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतीलच. लग्नात पुढे केलेली खुर्चीसुद्धा ही माणसं दोन्ही बाजूंनी हलवल्याशिवाय वापरत नाहीत. हॉटेलात टेबल डुगडुगलं की आपण वेटरला हाक मारतो; हे टिश्यूपेपरची घडी करून टेबलाखाली शिरतात आणि आपला डोसा गार होतो. पैसे मोजून आणलेली कुठलीही वस्तू दाखवा, वाक्य ठरलेलं: "कशाला घेतलंस? घरीच झालं असतं."

असे एक अण्णा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. आमच्या हॉलच्या बरोबर वर त्यांचा हॉल. अण्णांची नोकरी कारखान्यात मशिनांची फाउंडेशनं घालण्यात गेली. निवृत्त होताना मशिनं तिथेच राहिली, फाउंडेशन तेवढं घरी आलं. तेव्हापासून त्यांचा जगाला एकच प्रश्न आहे, "लोड कुठे जातो?" गणपतीच्या मांडवात आरती चालू असताना ते टाळ्या वाजवत बांबूंकडे बघतात आणि शेजाऱ्याच्या कानात विचारतात, "या कमानीचा लोड कुठे जातो रे?" भाच्याने वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलं, तेव्हा पेढा तोंडात टाकून त्यालाही हेच विचारलं. एका रिसेप्शनला नवरानवरीशेजारी उभे राहून ते टाचेने स्टेजच्या फळ्या वाजवत होते. फोटोग्राफर ओरडून थकला, "काका, वर बघा." अल्बममध्ये अण्णांचा फक्त भांग आलाय.

तर या अण्णांच्या नातवाला कुणाच्या तरी वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून दोन गोल्डफिश मिळाले. दुसरा कुणी काचेचा वाडगा आणून मोकळा झाला असता. अण्णांनी चौकशी केली. गोल्डफिश वीतभर वाढतो, पाणी भराभर घाण करतो, वाडग्यात त्याचे हालच होतात, हे कळल्यावर टँक ठरला चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दुकानदाराने सोबतचं कॅबिनेट दाखवलं. अण्णांनी त्याची कड नखाने खरवडली. "भुसा आहे. पाणी लागलं की पुरीसारखा फुगेल."

"काका, सगळे हेच नेतात."

दुकानदाराने हे म्हणायला नको होतं.

हिशेब लग्नपत्रिकेच्या मागे झाला. टँक नऊ घनफुटांचा. घनफुटाला २८.३ लिटर, म्हणजे २५५ लिटर पाणी आणि तितकेच किलो. दहा मिलिमीटर जाडीची काच, ती पन्नासेक किलो. खडी-दगड तीसचाळीस. "साडेतीनशे धर," अण्णा मला म्हणाले.

"धरतो. पण हे सगळं माझ्या पंख्यावर येणार ना?"

अण्णांचा चेहरा उजळला. लोडबद्दल आपण होऊन विचारणारा त्यांना बहुधा प्रथमच भेटला होता. "राहत्या खोलीच्या स्लॅबला चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरतात. टँकखाली येतात त्याच्या तिप्पट. म्हणून मधोमध नाही ठेवायचा. भिंतीलगत, बीमवर. लोड बीममध्ये, बीममधून कॉलममध्ये, कॉलममधून फूटिंगमध्ये, फूटिंगमधून मुरुमात."

"आणि मी?"

"तू लोडच्या वाटेत येत नाहीस."

मग भवानी पेठेतलं टिंबर मार्केट पालथं घालून झालं. नवं लाकूड ओलं म्हणून नापास. शेवटी पाडलेल्या एका वाड्याचे सागवानी वासे मिळाले. "इतकी वर्षं छप्पर धरून होते. वाकायचं असतं तर केव्हाच वाकले असते," असं म्हणत अण्णांनी ते जिन्यातून वर चढवले आणि आमच्या दुपारच्या झोपा संपल्या. करवत, रंधा, पटाशी, पुन्हा करवत. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर सागाचा भुसा पडायचा. तक्रार करायला वर गेलो की हातात वाशाचं दुसरं टोक मिळायचं आणि प्रवचन सुरू व्हायचं. चौकट पायांवर बसली पाहिजे, पायांना स्क्रूने लटकलेली नको. स्क्रूने लाकूड जागेवर धरायचं. वजन लाकडानेच धरायचं. म्हणून प्रत्येक पायाला वर खाच, खाचेत चौकट. मागच्या बाजूला सबंध मरीन प्लाय, म्हणजे स्टँड आडवा हलणार नाही. पाणसळ ठेवली तेव्हा फरशीचा उतार गॅलरीकडे निघाला. बिल्डरचा उद्धार करून पायांखाली पाचरी बसल्या. काचेला टोचू नये म्हणून वर थर्मोकोलही आला.

या काळात मासे काकूंच्या धुण्याच्या टबात राहत होते. काकू रोज रात्री कॉर्पोरेशनचं पाणी बादलीत भरून ठेवायच्या आणि क्लोरीन उडालं की सकाळी टबातलं थोडं पाणी बदलायच्या. लोडची वाट शोधण्यात अण्णा इतके गुंग होते, की तो काकूंवर आलेला त्यांना दिसला नाही.

स्टँड झाल्यावर लोड टेस्ट. टँक ठेवण्याआधी साडेतीनशे किलो माणसं हवीत म्हणून अण्णा दारोदार वजनं विचारत फिरले. खजिनदारांनी हिशेबात तीन किलो लपवले. अण्णांनी काटाच पुढे केला. अखेर चेअरमन, खजिनदार, मी आणि तळमजल्यावरचे देशपांडे असे चौघे खेटून बसलो आणि कमी पडलं म्हणून वॉचमनला मध्ये उभं केलं. चेअरमन आणि वॉचमन एकाच फळीवर आल्याची आमच्या सोसायटीतली ही एकमेव वेळ. अण्णा बॅटरी घेऊन खाली झोपले होते. एक सांधा करकरला नाही. करकरले ते खजिनदारांचे गुडघे, उतरताना.

टँक भरला तरी मासे लगेच सोडायचे नव्हते. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला काही आठवडे लागतात. टबाची मुदत आणखी वाढली. मासे अखेर टँकमध्ये गेले, पण आजही काकूंची साडी दिसली की दोघे काचेला नाक लावतात. अण्णा समोर बसले तर त्यांच्याकडे पाठ.

आता नाइलाजाने एक गोष्ट सांगायला हवी. बाबा बाथरूममध्ये घसरले, त्या आठवड्यात अण्णा न बोलावता ड्रिल घेऊन आले. उरलेल्या वाशाची गोल घासलेली दांडी त्यांनी भिंतीला लावली, मग पाय उचलून स्वतः तिला लोंबकळले. "लोड भिंतीत गेला," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता वर गेले. पैसे विचारायचं धाडस मला झालं नाही. बाबा शेवटपर्यंत तिला धरूनच उठत. पुढे टाइल्स बदलताना गवंडी म्हणाला, दांडी काढून टाकू, आता लागणार कुणाला? आई म्हणाली, तिच्याभोवतीच बसव.

आता आमची इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. परवा बिल्डरच्या माणसाने पडद्यावर बावीस मजले दाखवले आणि सर्वांत वर निळाशार स्विमिंग पूल. सगळे आ वासून बघत असताना अण्णा उभे राहिले. "पाण्याचं वजन घनमीटरला एक टन. याचा लोड कुठे जातो?"

तो हसून म्हणाला, "सर, ते आमचे कन्सल्टंट बघतात."

"कन्सल्टंट कुठे आहेत?"

"ते बाहेरून नेमलेत, सर."

"मग पाणी गळलं तर कुणाला धरायचं?"

"मेंटेनन्स एजन्सी असेल ना."

"तिला कोण नेमणार?"

"तुमचीच सोसायटी, सर."

अण्णा आणखी काही विचारणार तेवढ्यात समोसे आले. चेअरमन म्हणाले, अण्णा, पुढच्या मीटिंगला घेऊ. परवाचं इतिवृत्त काल नोटीस बोर्डवर लागलं. त्यात लिहिलंय, "सभासदांच्या सर्व शंकांचे समाधानकारक निरसन झाले."