बुलढाण्याची रात्रपाळी

बुलढाणा जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे, असं विचारलं की बाहेरचा माणूस 'लोणार' म्हणतो आणि जिल्ह्यातला माणूस 'काही नाही बाप्पा' म्हणतो. बाहेरच्याचं उत्तर अपुरं आहे आणि घरच्याचं साफ चूक. पण चूक जास्त मजेशीर आहे, म्हणून आधी तिचाच समाचार घेऊ. स्कॉटलंडमधल्या एडिंबऱ्याचा माणूस हा प्रश्न ऐकून अशी मान कधी खाली घालणार नाही. त्याच्याकडे किल्ला आहे, विझलेला ज्वालामुखी आहे, भुतं आहेत, ऑगस्टमधला नाट्यमहोत्सव आहे, ३१ डिसेंबरची रात्रभराची धमाल आहे, आणि हे सगळं छापलेली गुळगुळीत पुस्तिका आहे. माझं म्हणणं असं की यातली पुस्तिका वगळली तर बाकीचं सगळं बुलढाण्याकडेही आहे, काही बाबतींत चार आणे जास्तच. फरक इतकाच की एडिंबऱ्यात लोक ते बघायला येतात आणि बुलढाण्यात करायला येतात. बघायला आलेल्याची नोंद होते, त्याला पर्यटक म्हणतात. करायला आलेल्याला गर्दी म्हणतात आणि त्याच्यासाठी जादा पोलीस मागवतात.

भूगोलापासून सुरुवात करू. एडिंबऱ्याचा किल्ला एका जुन्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेल्या खडकावर उभा आहे. शेजारी आर्थर्स सीट नावाची २५१ मीटरची टेकडी आहे, ती चढून लोक धापा टाकत फोटो काढतात. आपल्याकडे उलटं आहे, आपण खाली उतरतो आणि वर येताना धापा टाकतो. लोणारचं विवर १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडलं, असं पुस्तकं सांगतात. गावकऱ्यांना ते त्याआधीही दिसत होतंच, नाहीतर काठावर एवढी देवळं कोणी बांधली असती? पुढे बराच काळ यालाही ज्वालामुखीच समजत. आघाताने काच झालेली खनिजं सापडल्यावर, १९७३ च्या सुमारास, उल्कापाताचा निकाल लागला. वय मात्र अजून ठरत नाही. एका पद्धतीने ते पन्नास हजार वर्षांच्या आसपास भरतं, दुसरीने पावणेसहा लाखांच्या. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीखसुद्धा इतकी सरकत नाही. आणि हे तळं प्रसिद्धीच्या बाबतीत किती बेफिकीर आहे ते बघा. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो आले, पण नेमकी तेव्हा करोनामुळे जिल्हाबंदी होती. एडिंबऱ्याने असा रंग ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, तिकीट लावून बदलला असता.

बघायला येणारे अगदीच नाहीत असंही नाही. टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ च्या जूनमध्ये निघालेला एक वाघ तेलंगणात डोकावून, अर्ध्या मराठवाड्याची आणि विदर्भाची शेतं तुडवत, तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात पट्टा होता म्हणून त्याच्या प्रवासाची नोंद झाली. या जिल्ह्यात केवळ हवापालटासाठी आलेला आणि ज्याची रीतसर आकडेवारी ठेवली गेली असा तो बहुधा एकमेव पाहुणा.

आता नाइटलाइफ. इथे एडिंबऱ्याचा माणूस हसेल, कारण आठच्या सुमाराला बुलढाण्याच्या बाजारपेठेची शटरं खाली यायला लागतात. पण नाइटलाइफ म्हणजे नेमकं काय? रात्री झोपायचं सोडून बाहेर राहणं, सोबतीला मंडळी असणं, खर्च होणं आणि सकाळी अंग मोडून येणं. या कसोटीवर रब्बीतला बुलढाणा कोणत्याही राजधानीला मागे टाकेल. शेतीपंपाची थ्री फेज वीज आळीपाळीने येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, आणि हरभरा काही दिवसाच्या पाळीची वाट बघत नाही. रात्री बारा-एकला डोक्याला मफलर, हातात बॅटरी, पायात गमबूट अशा पेहरावात माणूस स्प्रिंक्लरचे पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात नेतो. बहुतेकांनी स्टार्टरवर 'ऑटो' बसवलेला असतो, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी. सगळ्यांनीच बसवलेला असल्यामुळे लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, उडते. मग पंधरावीस माणसं डीपीखाली जमतात, तंबाखू मळली जाते, लाइनमनला फोन लागत नाही, आणि राजकारणापासून रोह्यांपर्यंत सर्व विषयांवर जी चर्चा होते तिला कोणत्याही पबमध्ये मान मिळाला असता. रोही, म्हणजे पुणेकरांची नीलगाय, शेजारच्या हरभऱ्यात या चर्चेचा फायदा घेत असते.

यावर आक्षेप असा की हा नाइलाज आहे, करमणूक नाही. मान्य. दिवसा वीज मिळाली तर या क्लबचे सगळे सभासद त्याच दिवशी राजीनामा देतील आणि तो दिवस लवकर यावा. पण जिल्ह्यातलं सगळंच जागरण नाइलाजाचं नसतं. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना शेवटचा मुक्काम खामगावला करते. तिथून शेगावचे सतरा-अठरा किलोमीटर तिच्याबरोबर चालायला लाखांनी माणसं येतात, पहाटे अंधारात निघतात. त्यांना कोणी डीपीने उठवलेलं नसतं. त्यात बँकेतले असतात, कॉलेजातली पोरं असतात, एरवी कोपऱ्यावरच्या दुकानात गाडीवर जाणारे असतात. एडिंबऱ्यात अशा पायपिटीला 'वॉकिंग टूर' म्हणतात, पुढे छत्री उंच धरलेला मार्गदर्शक असतो आणि शेवटी बक्षिसी द्यावी लागते. इथे वाटेत उलट लोकच चहा, केळी आणि पोहे हातात कोंबतात. आणि शेगावला पोचल्यावर कचोरी असतेच. स्कॉटिश लोकांनी आपल्या हॅगिसवर, म्हणजे मेंढीचं काळीज, फुप्फुस आणि ओटच्या भरड्यावर, कविता केली आणि दर २५ जानेवारीला ती ताटासमोर उभं राहून म्हणतात. शेगावच्या कचोरीवर कवी गप्प आहेत. तोंड रिकामं होत नसावं.

वार्षिक कार्यक्रमांत मात्र बुलढाण्याचा हुकमी एक्का जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात वाघ घराण्यातले वारस घट मांडतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात. गोल रिंगणात अठरा धान्यं मांडायची. मध्ये खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाच्या चार महिन्यांची. त्यांवर पाण्याने भरलेली घागर. घागरीवर पापड, वडा, सांडोई, कुरडई, करंजी. आणि खाली पानाचा विडा, जो राजाचा, म्हणजे राज्यकर्त्याचा. एवढं मांडून सगळे निघून जातात आणि रात्रभर तिथे कोणी फिरकायचं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी निरीक्षण: कोणतं ढेकूळ भिजलं, कोणतं धान्य रिंगणाबाहेर गेलं, विडा जागचा हलला का. त्यावरून पाऊस, पीक, भाव आणि गादी. जगातल्या सगळ्या महोत्सवांत मला हा सर्वांत सुटसुटीत वाटतो, कारण मुख्य कार्यक्रम रात्री होतो आणि त्याला प्रेक्षकांना सक्त मनाई असते. एडिंबऱ्याचा नववर्षाचा रस्त्यावरचा जल्लोष २०२४ च्या अखेरीस सोसाट्याच्या वाऱ्यामुळे रद्द करावा लागला. भेंडवळला वाऱ्याने करंजी सरकली तर तोच निष्कर्ष. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता होती म्हणून राजकीय भाकीत तेवढं जाहीर झालं नाही. पानाच्या विड्यालाही निवडणूक आयोगाचा धाक असतो, हे लोकशाहीचं यश मानायला हरकत नसावी.

इथे विवेकी वाचक उठून उभा राहील, आणि त्याने राहावंच. ढेकळाच्या ओलीवर सोयाबीनचा निर्णय घेणं हे शास्त्र नाही. अंधश्रद्धा निर्मूलनवाले आणि कृषितज्ज्ञ हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. पण शेतकरी ऐकून येतो म्हणजे मानतोच असं नाही. तो भेंडवळ ऐकतो, हवामान खात्याचा अंदाज ऐकतो, कृषी केंद्रवाल्याचं ऐकतो आणि शेवटी शेजाऱ्याने जे पेरलं ते पेरतो. जमलेल्या गर्दीत त्याला खरी माहिती मिळते ती त्या शेजाऱ्याची.

सैलानीबद्दल मात्र मी इतक्या मोकळेपणाने बोलणार नाही. पिंपळगाव सराईजवळच्या या दर्ग्यावर होळीला नारळांची होळी पेटते, पाचव्या दिवशी संदल निघतो, आणि हिंदू-मुसलमान दोघंही येतात. एडिंबऱ्यात संध्याकाळी काळ्या झग्यातले लोक पर्यटकांना तळघरांतून फिरवतात आणि पैसे घेऊन भूत दाखवायचं आश्वासन देतात, जे पाळलं गेलं नाही तरी कोणी तक्रार करत नाही. सैलानीला भूत आणावं लागतं ते घरून, आणि येणाऱ्याची इच्छा ते तिथेच राहावं अशी असते. तुलना इथवरच गमतीची आहे. ज्या घरातून ते माणूस आणलेलं असतं त्या घराने किती रात्री काढल्या असतील याचा विचार केला की हसू आवरतं. नारळाबरोबर मनोविकाराच्या डॉक्टरचाही रस्ता त्या घराला दाखवणारं कोणी जत्रेत असलं पाहिजे, एवढंच म्हणतो.

एडिंबऱ्याच्या ज्या महोत्सवाचा जगभर बोलबाला आहे, त्या फ्रिंजची गोष्ट तर थेट आपलीच वाटावी. १९४७ मध्ये तिथे बड्या कलावंतांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, आणि आमंत्रण नसलेल्या आठ नाटकमंडळ्या येऊन कडेकडेने आपापले प्रयोग करून गेल्या. त्यातून आजचा तो अवाढव्य पसारा झाला. वऱ्हाडात पोळ्याला तोरणाखाली हेच चालतं. बैल रांगेत उभे, मटाट्या आणि झूल अंगावर, आणि कोणीतरी पुढे होऊन झडती, म्हणजे टोमण्यांचं गाणं, म्हणतो: सावकारावर, सरकारवर, कापसाच्या भावावर, कधी समोरच उभ्या असलेल्या सरपंचावर. निवड समिती नाही, मानधन नाही, शेवटी सगळ्यांनी मिळून 'हर हर महादेव' करायचं. सरपंच हसतो, कारण न हसण्याची सोय नसते. काळ साधारण तोच, ऑगस्ट-सप्टेंबर. फरक असा की एडिंबऱ्यात समीक्षक तारे देतात आणि पोळ्यात बैल शेपटी हलवतात. दाद कोणती जास्त प्रामाणिक, हे मी सांगायला नको.

सर्वांत वजनदार आक्षेप अखेरीस आहे. कोणी म्हणेल, हे 'करायला येतात, बघायला नाही' वगैरे ठीक आहे, पण ही गैरसोयीची भलामण आहे. लोणारला जाणाऱ्या माणसाला स्वच्छ संडास, वेळेवर एसटी आणि नीट पाटी मिळाली तर त्याची भक्ती कमी होणार आहे का? नाही होणार. याचा पुरावा जिल्ह्यातच आहे. शेगाव संस्थानची स्वच्छता, भक्तनिवास आणि रांगेची शिस्त यांचे दाखले महाराष्ट्रभर देतात, आणि तिथे हातात झाडू घेतलेला, समोरच्या प्रत्येकाला 'माउली' म्हणून बाजूला व्हायला सांगणारा सेवेकरी पगारी नसतो. तोही आपल्या पाळीने काहीतरी करायलाच आलेला असतो. म्हणजे करणाऱ्यांच्या गावात व्यवस्था होत नाही हे खरं नाही. व्यवस्था होते, फक्त ती कोणीतरी आपली मानावी लागते. लोणार अजून कोणी आपलं मानलेलं नाही. २०२० मध्ये त्याला पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत जागा मिळाली, तेव्हापासून ते जगाचं झालं, आणि जगाने अजून झाडू उचललेला नाही. उलट बाजूने, एडिंबऱ्याला बघ्यांचाच ताप इतका झाला की तिथल्या महापालिकेने २०२५ मध्ये मुक्कामी पाहुण्यांवर पाच टक्के कर मंजूर केला. आपल्याकडे १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी जी गर्दी लोटते, ती कर भरत नाही हे खरं. पण जाताना तिथल्या स्टॉलवरची पुस्तकं पिशव्या भरभरून नेते. पर्यटकांच्या कोणत्या गावात मुख्य खरेदी पुस्तकांची होते, ते मला दाखवा.

तेव्हा पुस्तिका काढायचीच असेल तर ती बाहेरच्यांसाठी नको, जिल्ह्यातल्यांसाठी काढा. या जिल्ह्याचे दोन देश आहेत, घाटावर आणि घाटाखाली, आणि घाटाखालच्या कित्येकांनी लोणार टीव्हीवर पाहिलं आहे, तर घाटावरच्यांना भेंडवळ मोबाइलवरच्या बातमीत भेटतं. दोन्हीकडच्यांना जोडणारा उत्सव सध्या एकच आहे. खामगावला रेल्वे आली ती १८७० मध्ये, जलंबहून, कापूस न्यायला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आले होते. तीच रेल्वे पुढे घाट चढून चिखली, देऊळगाव राजावरून जालन्याला जावी ही मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. दरवर्षी १ फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता अर्थसंकल्प सुरू झाला की दोन्हीकडचे लोक, सर्व जातिधर्मांचे, टीव्हीसमोर बसून खामगाव-जालना हे शब्द येतात का ते कान देऊन ऐकतात. प्रवेश विनामूल्य आहे.