हिरवळीच्या राखणदारास

श्री. अध्यक्ष महोदय, पार्क विकास समिती, आमची कॉलनी, जयपूर यांसी कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र मराठीत लिहिते आहे. हिंदीत लिहिलेले अर्ज आपल्या कपाटात आधीच पडून आहेत आणि तेही आपण उघडलेले नाहीत. न वाचायला कुठलीही भाषा सारखीच, मग मी माझ्या भाषेत चार शब्द मोकळेपणाने बोलून घेते.

आधी अभिनंदन. आपल्या पार्कातली हिरवळ यंदा चांगली बाळसेदार झाली आहे. तिला दोन वेळचे पाणी, वेळच्या वेळी खत, दुपारची निवांत झोप मिळावी म्हणून फाटकाला कुलूप आणि अंगावर कुणी पाय देऊ नये म्हणून चौकीदार. दोन वर्षांच्या मुलाला जे जे लागते ते सारे आपण तिला दिलेत. माझा नातू नेमका दोन वर्षांचा आहे. तो कुंपणाच्या जाळीला नाक लावून तिच्याकडे बघतो. मत्सर वाईट, असे मी त्याला समजावते.

फाटकावरची निळी पाटी तर संग्रही ठेवावी अशी. घास पर बैठना मना है. फूल तोड़ना मना है. गेंद खेलना मना है. साइकिल लाना मना है. शोर मचाना मना है. आणि सगळ्यात खाली, रंग उरला होता म्हणून की काय, 'यह पार्क आपका अपना है.' हा शेवटचा विनोद ज्या रंगाऱ्याला सुचला त्याचा समितीने शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा.

पार्क ओस असतो असे मात्र माझे बिलकूल म्हणणे नाही. पहाटे कपालभाती, मग हास्यक्लब. कोपऱ्यात मंदिर, तिथे सत्संग. संध्याकाळी बाकांवर राज्याचे आणि केंद्राचे राजकारण. लग्नसराईत तंबू लागतो तेव्हा आपल्या लाडक्या हिरवळीत खुंट्या ठोकल्या जातात, जनरेटर धडधडतो, पण त्याला 'शोर' म्हणत नाहीत हे मी समजून घेतले आहे. जिथे दोन झोपाळे होते तिथे आता ओपन जिम आहे. मीही साठीपुढची, त्या गोल चकतीवर उभी राहून कंबर हलवते आणि मला बरे वाटते. प्रश्न एवढाच की मुले आता त्या यंत्रांनाच लोंबकळतात. मोठ्यांच्या मापाच्या लोखंडी दांड्यांमध्ये बोटे घालतात. चौकीदार त्यांना हाकलतो, कारण यंत्रावर लिहिले आहे की हे लहान मुलांसाठी नाही. खरे आहे. तिथे लहान मुलांसाठी काय आहे, हे कुठेच लिहिलेले नाही.

माफ करा, एक वस्तू आहे. घसरगुंडी. पत्र्याची. आपण ती पार्कातल्या एकुलत्या एक बिनसावलीच्या कोपऱ्यात उभी केलीत. कडुनिंबाखाली समितीचे बाक असल्यामुळे तिथे जागा नव्हती. मे महिन्यात जयपूरचा पारा चाळिशी ओलांडतो, कधी ४५ला शिवून येतो. त्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर बसायला चड्डीतला मुलगा नव्हे, पापड हवा. घसरून खाली आलेच कुणी, तर स्वागताला कोटा स्टोनची फरशी. मऊ मातीत पडून मुले बिघडतात, हा जुना अनुभव.

आता थोडा इतिहास ऐकून घ्या, कारण आपण प्रत्येक २६ जानेवारीला पार्कात जयपूरच्या वारशावर भाषण करता. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये हे शहर वसवले आणि राजवाड्याशेजारी जंतरमंतर उभारले. त्यातले सम्राट यंत्र २७ मीटर उंच. सरळ आभाळात चढत जाणारा जिना आणि दोन्ही बाजूंना संगमरवराच्या वक्र पट्ट्या. मोठी माणसे त्यावर सावली बघून वेळ मोजतात. लहान मूल पहिल्यांदा ते पाहते तेव्हा त्याला एकच कळते, वर चढायचे आणि घसरत खाली यायचे. तिथे चढायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे, दगड तीनशे वर्षांचे आहेत. पण जी गोष्ट मुलांना दिसते ती इसामु नोगुची नावाच्या शिल्पकारालाही दिसली. जपानी बाप, अमेरिकन आई. तो १९४९ मध्ये भारतात आला, जंतरमंतर पाहून भारावला, फोटो काढून घेऊन गेला. ती घसरण त्याच्या डोक्यातून पुढे कधी गेलीच नाही. १९८६च्या व्हेनिस बिएनालेत त्याने पांढऱ्या संगमरवराची एक प्रचंड घसरगुंडी मांडली. पोटातून जिना, बाहेरून वळसा घेत उतरणारी वाट. नाव दिले 'स्लाइड मंत्र'. जगातल्या कलावंतांच्या जत्रेत म्हातारे समीक्षक तिच्यावरून घसरले असतील का, हे मला नेहमी जाणून घ्यावेसे वाटते.

तिची काळ्या ग्रॅनाइटची बहीण जपानमध्ये सप्पोरोच्या ओदोरी उद्यानात आहे. नोगुची गेल्यानंतर, १९९२ मध्ये ती तिथे बसली. त्याला ती उद्यानाच्या दोन तुकड्यांच्या मधोमध हवी होती, तिथून गाड्यांचा रस्ता जात होता. सप्पोरोने रस्ता बंद केला. अध्यक्षजी, हे वाक्य पुन्हा वाचा. घसरगुंडीसाठी रस्ता बंद केला. आपल्या शहरात याच्या उलट चालते. सवाई रामसिंहांनी १८६८ मध्ये दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून रामनिवास बाग उभारली, आज तिच्या पोटात गाड्या उभ्या राहतात. जुन्या शहरातल्या चौगानाखालीही वाहनतळच. एकूण काय, जयपूरच्या वारशावर सप्पोरोची पोरे घसरतात आणि आमच्या पोरांना मिळतो तापलेला पत्रा.

आपण एकटे आहात असे मात्र समजू नका, आपली परंपरा थोर आहे. याच नोगुचीने १९३३ मध्ये न्यूयॉर्कसाठी 'प्ले माउंटन' कल्पिले होते. झोपाळे वगैरे काही नाही, जमिनीलाच चढउतार द्यायचा, मुले काय खेळायचे ते खेळतील. तिथल्या उद्यान खात्याचे सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस यांनी ते हसण्यावारी नेले. मोझेससाहेबांना पूल आणि हमरस्ते फार प्रिय होते. तो डोंगर अखेर सप्पोरोतल्याच मोएरेनुमा पार्कात उभा राहिला, ती बाग पुरी झाली २००५ मध्ये. सत्तरेक वर्षे लागली. माझ्या नातवाकडे तेवढा वेळ नाही. घसरगुंडीचे वय दोन ते सहा, फार तर सात. आपल्या समितीचा 'विचाराधीन' हा शेरा एक अख्खे बालपण आरामात गिळतो.

आपण म्हणाल, जयपुरात बागा काय कमी आहेत? अजिबात कमी नाहीत. रामबागेजवळ सेंट्रल पार्क आहे, २०६ फुटी ध्वजस्तंभ आहे, चालायला लांबलचक ट्रॅक आहे. शेजारी पोलोचे मैदान आणि गोल्फ. घोडे आणि गोल्फचा चेंडू यांना हे शहर जागा द्यायला कधीच कचरले नाही. विमानतळाकडे जवाहर सर्कल आहे. बाग सुंदर, पण ती सर्कलच्या मध्यभागी, चारी बाजूंनी गाड्यांचा भोवरा. तो पार करून बाळाला आत नेले की पत्रिका गेटच्या कमानींखाली लग्नाआधीची छायाचित्रे चाललेली असतात आणि दर दहा पावलांवर फोटोग्राफर सांगतो, 'आंटीजी, बच्चे को फ्रेम से हटाइए.' मानसरोवरचा सिटी पार्क २०२२ मध्ये झाला, ५२ एकरांचा, रविवारी सहकुटुंब जावे असा. पण रविवारी. दोन वर्षांच्या मुलाला भूक रोज लागते तसे खेळणेही रोज लागते, आणि ते त्याच्या पायांना झेपेल एवढ्या अंतरावर लागते. त्याला ५२ एकर नकोत. त्याला घराजवळचे पाचपन्नास हात हवेत, जिथे कुणी त्याला 'फ्रेम'बाहेर काढणार नाही. मॉलमध्ये आहे म्हणे सोय. तासाला पैसे मोजा, मोजे घाला, वातानुकूलित हवेत प्लॅस्टिकच्या चेंडूंत बुडा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा मुलगा माझ्या नातवाच्याच वयाचा आहे. त्याने कुठे बुडावे?

बरे, फार काही मागतही नाही. राजस्थानात जी वस्तू मोफत मिळते असे साऱ्या भारताला वाटते, तीच मागते आहे. वाळू. या राज्यात बालोद्यानात वाळूचा हौद नसावा, यासाठी खरेच काही वेगळी प्रतिभा लागते. शहराच्या उत्तरेला विद्याधर नगरजवळ २०२१ मध्ये किशन बाग झाली, वाळूच्या टेकड्या जशाच्या तशा राखून. निसर्ग-अभ्यासक प्रदीप क्रिशन यांच्या नजरेखाली झालेले ते काम उत्तम आहे. तिथे फळ्यांच्या वाटेवरून चालायचे आणि वाळू बघायची, कारण ती वाळू जपायचीच आहे. ते ठीक. पण खेळायच्या वाळूचे काय? जयपूरच्या मुलांना ती एकाच ठिकाणी मिळते, कुणाचे घर बांधायला निघाले की रस्त्यावर पडलेल्या बजरीच्या ढिगात. बनास नदीची बजरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिच्या उपशाला लगाम घातला तेव्हा बिल्डर रडले, भाव चढले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. ढीग आटले म्हणून कॉलनीतल्या पोरांचे काय झाले, ते कुणी छापले नाही.

मुलांना वाळू कशी द्यायची, तेही ऐका. ॲमस्टरडॅममध्ये आल्डो व्हान आइक नावाच्या तरुण वास्तुकाराने १९४७ पासून पुढची तीसेक वर्षे नगरपालिकेसाठी सातशेहून अधिक खेळजागा केल्या. युद्धात पडलेल्या घरांचे रिकामे प्लॉट, चौकातला तुकडा, गल्लीचे टोक. काय असायचे त्यात? काँक्रीटच्या काठाचा वाळूचा हौद, उलटे लटकायला दोन लोखंडी कमानी, चढायला-उड्या मारायला काही ठोकळे, एखादे झाड. बस्स. कुंपण बहुधा नाहीच. आणि यातली गंमत अशी की लोक पालिकेला पत्र लिहायचे, आमच्याही गल्लीत एक करा, आणि पालिका करायची. पत्राला उत्तर देण्याचा हा प्रकार आपल्याला नवा वाटेल.

कुलपाबद्दल बोलले पाहिजे. उन्हाळ्यात पार्क सकाळी नवाला बंद, संध्याकाळी सहाला उघडतो, आठला पुन्हा बंद. सहाला फरशी अजून भाजत असते. साडेसातला कुठे हवा जरा सुसह्य होते, मुले घराबाहेर पडतात, तोवर चौकीदार शिट्टी फुंकू लागतो. कारण विचारले तर 'असामाजिक तत्त्व'. दुधाचे दात असलेले, झोपताना गोष्ट मागणारे असामाजिक तत्त्व. हे खरे की रात्री टवाळ पोरे येऊन बसतात. पण जिथे नऊ-साडेनऊपर्यंत आया, आज्या आणि चिल्लीपिल्ली असतात तिथे टवाळांना बसायला आवडत नाही, हे कुणीही सांगेल. आपण मोकळी केलेली जागाच त्यांना आवडते.

कायद्याची धमकी मी देत नाही. आपणच मागच्या सभेत अभिमानाने सांगितलेत की उद्याने आणि मास्टर प्लॅनमधल्या मोकळ्या जागा कुणी लाटू नयेत म्हणून राजस्थान उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, गुलाब कोठारी यांच्या प्रकरणात, सरकारला बजावले आहे आणि आपला पार्क त्यामुळे सुरक्षित आहे. अगदी बरोबर. बिल्डरपासून सुरक्षित आहे. मुलांच्या खेळण्याचा हक्क मान्य करणाऱ्या बालहक्क संहितेला भारताने १९९२ मध्येच संमती दिली, पण तिची प्रत आपल्या निळ्या पाटीपर्यंत पोचायची आहे. म्हणजे आपले कसब असे की आपण पार्काची एक इंचही जमीन कुणाला दिली नाहीत, फक्त त्यातला खेळ तेवढा काढून घेतलात. यावर कुठल्या न्यायालयात जायचे ते मला वकिलांनाही विचारून कळलेले नाही.

तेव्हा मागणे असे. घसरगुंडी कडुनिंबाखाली, बाक उन्हात. बाकांना भाजत नाही. आणि आपली मंडळी तशीही ऊन उतरल्यावरच येतात. घसरगुंडीखालची फरशी उखडून माती. दोन झोपाळे परत, त्यातला एक बाळाला बसवता येईल असा पुढून कडी असलेला. एक स्वच्छ संडास, कारण 'आजी, शू' ही घोषणा झाल्यावर घर गाठायला जेवढा वेळ मिळतो त्यात मुख्यमंत्र्यांचा ताफाही पोचणार नाही. उन्हाळ्यात रात्री साडेनऊपर्यंत फाटक उघडे. आणि वाळू.

वाळूचा खर्च समितीला परवडणार नाही हे मी गृहीत धरते, कारण नव्या कारंज्याची वर्गणी नुकतीच झाली आहे. मात्र समोरच्या प्लॉटपुढे परवा बजरीचा ट्रक रिकामा झाला. मुले सकाळपासून त्या ढिगावर आहेत. रस्त्यात अडथळा म्हणून आपण घरमालकांना नोटीस पाठवलीत, असे कळले. त्यांच्याशी मी बोलले आहे, ते चार पाट्या बजरी आनंदाने देतात. चाळून घ्यायला चाळणी माझी, वाहून न्यायला मजूर माझा. आपण फक्त उद्या सकाळी फाटकाची किल्ली चौकीदाराकडे ठेवा.

कळावे. लोभ हिरवळीइतका नसला तरी चालेल.

आपल्या वहीत जिची नोंद 'झूले वाली शिकायत' अशी आहे, ती
एक आजी