घरी बजी पाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना (बीड जिल्ह्यापुरत्या)

पाखरांच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याचं धोरण पहिल्यापासून स्पष्ट आहे. रानात दिसलं तर गोफण, पिंजऱ्यात असलं तर बाजरी. कणसं भरायला लागली की गडी माळ्यावर चढतो, घसा बसेस्तोवर हाऽ हाऽ करत दिवसभर पाखरं हाकलतो आणि दिवेलागणीला घरी येऊन त्याच बाजरीतली चिमूटभर पोराच्या पिंजऱ्यात टाकतो. या धोरणात विसंगती शोधू नये. ज्याला ती दिसते त्याने मासे पाळावेत.

१. निवड

आधी काय पाळायचं नाही ते. १९७२ म्हटलं की आपल्याला दुष्काळ आणि सुकडी आठवते. पोपटाच्या दृष्टीने ते साल वन्यजीव संरक्षण कायद्याचं. लाल चोचीचा, गळ्यात कंठी असलेला, 'विठू विठू' म्हणणारा आपला पोपट या कायद्याने संरक्षित आहे आणि त्याला पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. "आमच्या घरात आजोबांपासून पोपट आहे" हा बचाव होत नाही, गुन्हा वडिलोपार्जित आहे एवढंच त्याने सिद्ध होतं. मुनियाही चालत नाही. मोराची हौस असेल तर पाटोदा तालुक्यात नायगावला सरकारने १९९४ साली मयूर अभयारण्य करून ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं आहे. तिथे जावं, बघावं, परत यावं.

उरतो बजी. आठवडी बाजारात याला लव्हबर्ड म्हणून विकतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे आणि महाग. हा ऑस्ट्रेलियातला, लांब शेपटीचा, पाठीवर नागमोडी रेघांचा. दुकानदाराशी वाद घालू नये. नाव त्याचं चालू द्यावं, पैसे बजीचे द्यावेत. जोडी म्हणून दोन नर गळ्यात मारले जाऊ नयेत म्हणून चोचीच्या वरचा, नाकपुड्यांभोवतीचा मांसल पट्टा पाहावा. वयात आलेल्या नराचा तो निळा असतो, मादीचा तपकिरी. काही रंगांच्या जातींत हा नियम चालत नाही, आणि दुकानदार नेमकी तीच जात दाखवतो.

बीड जिल्ह्याला यापेक्षा लायक पक्षी सापडायचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या मुलखात बजी थव्याने राहतो, गवताचं बी खातो आणि पाऊस फिरला की मुक्काम हलवून जिकडे पाऊस पडला तिकडे निघतो. १८४० मध्ये जॉन गोल्ड या पक्षितज्ज्ञाने तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तिथून तो घरोघरी पिंजऱ्यात पोचला. पाऊसपाणी बघून बिऱ्हाड हलवणं काय असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. दसरा झाला की लाखो माणसं कोयता घेऊन कारखान्यांची वाट धरतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बजीही जोडीनेच मोजतात. फरक एवढाच, की बजीला कुणी उचल दिलेली नसते, त्यामुळे त्याच्या मागे मुकादम नाही. त्याच्या नशिबी आपण आहोत.

त्याच्या मागण्या पाच: दाणा, पाणी, सावली, सोबत आणि झोप. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणाला बसणाऱ्या कुणाच्याही निवेदनापेक्षा ही यादी लहान आहे. आरसा, घंटी, प्लास्टिकचा झोपाळा आणि घुमटाचा पिंजरा या आपल्या मागण्या आहेत. त्या आपण आधी मान्य करतो.

२. नाव

पक्ष्याला दादा, ताई, भाऊ, अण्णा, आप्पा, काका यांपैकी कोणतंही नाव ठेवू नये. जिल्ह्यात ही नावं आधीच गेलेली आहेत. "अण्णा, किती घाण केलीस रे!" असं ऐन निवडणुकीत गॅलरीतून ओरडणं कायद्याने गुन्हा नाही, पण खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला ते समजावून सांगायला वेळ लागतो.

३. घर

पिंजरा उंच नको, लांब हवा. बजी आडवा उडतो, लिफ्टसारखा वर-खाली जात नाही. दोन गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नसावं, नाहीतर डोकं बाहेर येतं आणि परत जात नाही. बसायला पिंजऱ्याबरोबर आलेल्या एकसारख्या गुळगुळीत दांड्या काढून लिंबाच्या फांद्या आडव्या लावाव्यात, एक जाड, एक बारीक. पकड बदलत राहिली की पायाला घट्टे पडत नाहीत. फांदी तो कुरतडणारच. कुरतडू द्यावी, लिंबाला जिल्ह्यात तोटा नाही.

पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. भाकरीचा लोखंडी तवा निर्धोक आहे. धोका दिवाळीला भेट आलेल्या नॉनस्टिकच्या तव्याचा. तो रिकामाच गॅसवर राहून जास्त तापला तर त्यातून निघणाऱ्या वाफेने पाखरू बघता बघता मरतं. पक्ष्याचं फुप्फुस फार नाजूक. म्हणून तर ब्रिटनमधले खाणकामगार विषारी वायूची वर्दी मिळावी यासाठी कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी नेत. आपल्याकडे ते काम डासांची कॉइल, उदबत्ती आणि चुलीचा धूर एकाच खोलीत उरकतात.

पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र अंथरावं आणि रोज बदलावं. ताज्या अंकाचा हट्ट नको. बातमी कोणाचीही असो, पक्षी तिच्यावर समान प्रतिक्रिया देतो. मात्र घरात येणाऱ्या पाहुण्याचा फोटो छापून आलेलं पान त्या दिवसापुरतं उलटं घालावं.

४. दाणा

मुख्य अन्न राळे आणि बाजरी. एका पक्ष्याला दिवसाला दीड-दोन चहाचे चमचे पुरतात. राळ्याला एके काळी आपल्याकडे कुणी विचारत नव्हतं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, भरडधान्याला 'श्री अन्न' म्हणायचं ठरलं आणि राळे चकचकीत पाकिटात जाऊन बसले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घरात मालक राळ्याचा उपमा खातात, पिंजऱ्यात बजी राळे खातो, आणि दोघांपैकी एकच जण ते आवडीने खातो.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. बजी दाणा चोचीत धरतो, जिभेने फिरवून टरफल सोलतो, आतला गर गिळतो आणि टरफल त्याच वाटीत टाकतो. दुपारपर्यंत वाटी सकाळसारखीच दिसते. घरातली आजी लांबूनच निर्वाळा देते, "अरं, वाटीभर दाणे हैत की अजून. लाडावून ठेवलंय नुसतं." वाटी हातात घ्या आणि हलकेच फुंकर मारा. फोलपटं उडतात, खाली वाटीचा तळ दिसतो. भरल्या वाटीपुढे पक्षी उपाशी मरू शकतो तो असा. ज्या घरात सूप आहे आणि पाखडता येणारं माणूस आहे, तिथे ही अडचण येऊ नये. पण सूप आता रुखवतात मांडायलाच उरलं आहे. कागदावर सगळं भरलेलं आणि वाटीत फोलपटं, हा प्रकार ज्यांनी टंचाईच्या आढावा बैठकीत पाहिला आहे त्यांना ही सूचना लवकर कळते.

नुसत्या दाण्यावर बजी लठ्ठ होतो. मेथी, पालक, कोथिंबीर रोज थोडी द्यावी. भाजी स्वच्छ धुवावी, कारण शेजारच्या कपाशीवर कालच फवारणी झालेली असते. मोड आलेली बाजरी त्याला फार आवडते. बाजरीचं आख्खं कणीस टांगलं तर दोघांचा सकाळचा वेळ मजेत जातो. कॅल्शियमसाठी समुद्रफेन लागतो. तो काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. दुकानदार आधी विचारेल, "कोणाला, काय होतंय?" खरं सांगावं. तोही जोडी घेऊन गेलेला असण्याची शक्यता आहे.

मिरचीबद्दल गैरसमज नको. पक्ष्यांना तिखट लागतच नाही, त्यांच्या शरीरात ती जाणीव उमटत नाही. म्हणजे ठेचा खाण्यात बजी जिल्ह्यातल्या कुठल्याही मर्दाला हरवेल. तरीही ठेचा देऊ नये, त्यातलं मीठ आणि तेल त्याला बाधतं. चहा, चॉकलेट, ॲव्होकाडो वर्ज्य. यांतलं शेवटचं आपल्या बाजारात दिसलं तरी भाव ऐकून आपणच वर्ज्य करतो. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याच्या बिया पिंजऱ्यापासून दूर ठेवाव्यात. उवा मारायला ज्या वाटून लावत त्याच त्या बिया.

५. पाणी

पाणी रोज बदलावं. नळाला पाणी रोज येत नाही, ही सबब पक्ष्याला मान्य नाही. त्याचं एका दिवसाचं पिणं चमच्यात मावतं. वाटी फांदीच्या बरोबर खाली ठेवू नये, वरून जे पडतं ते त्याच वाटीत पडतं. अंघोळीला बादली लागत नाही. मेथीची ओली जुडी ठेवली की बजी त्या पानांत लोळतो, अंग घासतो आणि पंख झटकतो. आठ दिवसांनी टँकर आला की हंडे घेऊन धावणाऱ्या गल्लीत एका जुडीवर अंघोळ उरकणारा हा एकच सभासद असतो.

६. सावली आणि झोप

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. चोच उघडी ठेवून पक्षी धापा टाकत असेल, पंख अंगापासून लांब धरून बसला असेल तर त्याला ऊन बाधतंय. पिंजरा पत्र्याखालून काढून भिंतीच्या गारव्याला ठेवावा, एका बाजूला ओलं गोणपाट टांगावं, एक बाजू हवेला मोकळी सोडावी. घरात उरलेला वाढदिवसाचा फ्लेक्स वरून टाकू नये. फ्लेक्सने ऊन अडतं तसा वाराही अडतो. कूलरचा झोत थेट अंगावर सोडू नये. लाईट गेल्यावर कूलरचा प्रश्न आपोआप सुटतो.

बजीला दहा-बारा तासांची शांत झोप लागते. संध्याकाळी पिंजऱ्यावर जुनं सुती लुगडं टाकावं. मालिका संपेपर्यंत टीव्ही, त्यानंतर मिरवणुकीचा डीजे आणि पहाटे भोंगे, या वेळापत्रकात दहा तास कुठून काढायचे, याबाबत सूचना देण्याचे अधिकार आम्हाला नाहीत.

७. दवाखाना

पुरा वाढलेला बजी ३० ते ४० ग्रॅमचा, म्हणजे सोनाराच्या हिशेबाने तीन-चार तोळ्यांचा. पिसांमुळे तो बारीक झालेला दिसत नाही आणि आजार लपवणं त्याच्या रक्तातच आहे, कारण थव्यात जो आजारी दिसतो त्याच्यावर ससाणा झडप घालतो. म्हणून आठवड्याला वजन करावं. डिजिटल काटा नसेल तर ओळखीच्या सराफाकडे न्यावं. सध्याच्या भावात त्या काट्यावर काहीतरी ठेवल्याचं समाधान तेवढंच.

पिसं फुगवून, डोळे मिटून तो दिवसाही पिंजऱ्याच्या तळाशी बसला, तर उद्यावर ढकलू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात बैल, म्हैस, शेळी अशी रांग असते. तिच्यात बुटाचं खोकं घेऊन उभं राहताना लाजू नये. पुढचा शेतकरी विचारतो, "काय आणलंय?" झाकण उघडून दाखवल्यावर तो आपली म्हैस बाजूला घेऊन वाट देतो. दया येते म्हणून नव्हे, डॉक्टर काय करतात ते त्याला जवळून बघायचं असतं.

८. मडकं

पिंजऱ्यात भोक पाडलेलं मडकं टांगलं की बजी त्याचा एकच अर्थ घेतात. एक दिवसाआड अंडं, साधारण चार ते सहा. अठरा दिवसांत पिल्लू आणि पाचेक आठवड्यांत ते मडक्याबाहेर. वर्षाअखेरीला दोनाचे किती झाले ते पोरं मोजतात आणि वाटायचे कुणाला ते बाप मोजतो. पहिली जोडी मेहुण्याला देता येते. दुसरी न्यायला मेहुणा येत नाही. ज्यांना हा ताप नको त्यांनी मडक्यात पाणी भरून ते मडकं आपल्यासाठी ठेवावं.

९. गावाला जाताना

एका दिवसात परत येणार असाल तर दाणा-पाणी दुप्पट ठेवून चालतं. त्याहून जास्त जाणार असाल तर माणूस नेमावा. "दार उघडून सोडून देऊ, पुण्य लागेल" हा विचार मनातही आणू नये. पिंजऱ्यात जन्मलेल्या बजीला बालाघाटचा डोंगर ठाऊक नाही, दाणा कुठे शोधायचा हे माहीत नाही आणि हिरव्या-पिवळ्या अंगामुळे तो शिकऱ्याला लांबून दिसतो. पाऊस बघून मुक्काम हलवणाऱ्यांचा हा वंशज, पण हलवायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. ते विसरायला लावण्याचं काम आपण पिढ्यान् पिढ्या केलं आहे, तेव्हा चमचाभर राळ्याची सोय करणंही आपल्याकडेच लागतं.

१०. बोलणं

बजी बोलतो का? बोलतो. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजीला १,७२८ शब्द येत होते. १९९४ मध्ये तो गेला, पण गिनीज बुकात त्याचं नाव राहिलं आहे. नर मादीपेक्षा लवकर शिकतो, आणि एकटा असला तर आणखी लवकर. म्हणजे बोलता पक्षी हवा असेल तर त्याची सोबत हिरावून घ्यावी लागते आणि तिची भरपाई रोज तास-दीड तास स्वतः बोलून करावी लागते. घरातल्या माणसांशी इतकं बोलण्याची सवय नसेल तर जोडीच ठेवावी.

शिकवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण जे सावकाश, प्रेमाने शिकवतो ते बजी उचलत नाही. जे वारंवार आणि जीव तोडून बोललं जातं ते उचलतो. "रामराम पाहुणं" शिकवायला महिना जातो. "नळ आला गं!", "लाईट गेली का?" आणि "हप्ता भरला का तुम्ही?" हे तो फुकट शिकतो. घरी स्थळ बघायला पाहुणे येणार असतील त्या दिवशी पिंजरा शेजारी नेऊन ठेवावा. शेजारी कुरकुर न करता ठेवून घेतील, आणि त्यांच्याकडे पाहुणे यायच्या आत तेवढ्याच तत्परतेने परत आणून देतील. तोवर त्यांच्या घरातलंही त्याचं पाठ झालेलं असतं.