ओ'हेन्री आणि आम्ही

सॅक्रामेंटोत जून उजाडला की शेजारीपाजारी पीचच्या पिशव्या एकमेकांच्या दारात ठेवून पळ काढतात. घरोघरी झाडं, खाणार कोण? मी धोरणी माणूस. सगळ्यांचे संपल्यावर आपले पिकावेत, गणपतीच्या नैवेद्यात घरचं फळ मिरवावं, म्हणून मी ‘ओ'हेन्री’ लावला. रेड ब्लफच्या ग्रँट मेरिल यांची ही जात पिकते ऑगस्टमध्ये. फळ मोठं, गर पिवळा, बाठ्याजवळ लालसर, आणि बाठा सुटा. फळधारणेला दुसरं झाडही लागत नाही. म्हणजे श्रेयात वाटेकरी नाही!

नर्सरीवाल्याने बजावलं होतं : पीच गेल्या वर्षीच्या काडीवरच धरतो, तेव्हा हिवाळ्यात सढळ हाताने छाटा, पानं मुरडू नयेत म्हणून कळ्या फुगण्याआधी ताम्रयुक्त औषध फवारा, आणि फळं गोटीएवढी झाली की दर सहा इंचांवर एक ठेवून बाकीची खुडा. छाटणी, फवारणी झाली. खुडायला हात धजेना. आम्ही रत्नागिरीचे, वाऱ्याने पडलेली कैरीसुद्धा मोजून घरात घेणारे. एकही फळ खुडलं नाही. जुलैत मधली फांदी भाराने कडाडली, आणि उरलेल्यांवर फळं राहिली लिंबाएवढी.

उशिराच्या फळात साखर भरायला वेळ मिळतो, हे खरं. तेवढाच वेळ खारींनाही मिळतो. त्यात ऑगस्टमध्ये आख्ख्या आळीत पीच फक्त माझ्याकडे. जूनमध्ये घरोघरी विखुरलेल्या खारी एकदिलाने आमच्या अंगणात जमल्या. मी झाडावर जाळी टाकली. तिच्यात पहिला अडकलो मी, शिडीवर, लुंगीसकट. वरच्या फांदीवर एक खार दोन्ही हातांत पीच फिरवत, लाली चढलेली बाजू शोधून तेवढीच कुरतडत होती. बाकीचा पीच तिने माझ्या टकलावर सोडला.

ऑगस्टअखेर गणपती आले. मी बाजारातून टपोरे ओ'हेन्री आणून नैवेद्यात मांडले. पाहुण्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मग मीही छाटणी, फवारणी आणि विशेषतः विरळणी यांवर सविस्तर बोललो. एक काका मन लावून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी हातातल्या पीचवरचं स्टिकर नखाने सोलून माझ्यापुढे धरलं.

“घरचे होते हो,” बायको आतून म्हणाली, “पण यंदा देवाआधी उंदराची भावकी जेवून गेली.”