कक, कक-१, कक-२

एचटीएमएलच्या यादीतल्या मुद्द्याला स्वतःचा आयडी असला, की त्याच्यावर नेमके बोट ठेवता येते. पानाच्या पत्त्यापुढे हॅशची खूण आणि आयडी लिहिला, की ब्राउझर पान सरकवून तोच मुद्दा समोर आणतो. नियम थोडके आहेत: आयडी रिकामा नसावा, त्यात मोकळी जागा नसावी आणि एका पानात तो दोनदा येऊ नये. आला, तर ब्राउझर पहिल्यापाशीच थांबतो; दुसऱ्याची विचारपूस करत नाही.

दस्तऐवज एचटीएमएलमध्ये उतरवणारी साधने मथळ्यांना आयडी आपण होऊन देतात. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचे पॅनडॉक (२००६) मथळ्याच्या मजकुरातूनच तो घडवते. यादीतले मुद्दे मात्र बेनाव राहतात. एखाद्याला नाव हवेच असेल, तर मजकूर चौकोनी कंसात घालून पुढे महिरपी कंसात ते हाताने लिहावे लागते. ही खटपट कोण करतो? आपला सातवा मुद्दा पुढेमागे कोणीतरी दाखल्याला घेणार, याची ज्याला खात्री असते तो. प्रस्तुत लेखक या जातीचा आहे. त्याच्या वाणसामानाच्या यादीतल्या तूरडाळीलाही आयडी आहे. तूरडाळीचा दाखला अद्याप कोणी दिलेला नाही.

शेकडो मुद्दे असले, की हे काम यंत्रावर सोपवावे लागते आणि प्रश्न येतो तो आयडी कशावरून द्यावा याचा. क्रमांकावरून देणे सर्वांत सोपे. पण मध्ये एक मुद्दा घुसवला, की खालचे सगळे एकेक घर सरकतात आणि जुने दुवे शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहतात. भारताची राज्यघटना या बाबतीत शहाणी निघाली. २००२ साली शिक्षणाच्या हक्काचा अनुच्छेद मध्ये घालताना त्याला २१क म्हटले, बाविसाव्याला हलवले नाही. मालमत्तेच्या हक्काचा अनुच्छेद ३१ वगळला गेला १९७८च्या दुरुस्तीने. तो क्रमांकही दुसऱ्या कोणाला दिला नाही.

दुसरी तऱ्हा यदृच्छेची. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली सुरू केलेला ऑर्ग-मोड मथळ्यांना ‘ऑर्ग’पुढे सात अक्षर-अंक जोडून आयडी देतो. लेखकाने स्वतःचे नाव ठरवून दिले नसेल, तर पुढच्या निर्यातीत तो बदललेला असू शकतो. तिथे टक्कर जवळपास होत नाही, ओळखही टिकत नाही.

तिसरी तऱ्हा मजकुरावरून आयडी घडवण्याची. इंग्रजीत ती गुण्यागोविंदाने चालते. मराठीत गंमत होते. अक्षरे कोणती आणि कचरा कोणता, हे ठरवण्यासाठी पायथनमध्ये जी नेहमीची खूण वापरतात, तिच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही अक्षरे नव्हेतच. युनिकोडने त्यांना जोडखुणांच्या वर्गात बसवले आहे. त्यामुळे झाडलोट होताना ती विरामचिन्हांबरोबर बाहेर जातात. वाढदिवसाच्या तयारीची यादी घ्यावी: काका, काकू, केक, कोको. झाडलोटीनंतर काका ‘कक’, काकू ‘कक’, केक ‘कक’ आणि कोकोही ‘कक’. चार माणसे-वस्तू एकरूप झाल्याचे पाहून अद्वैतवादी सुखावेल; यंत्र मात्र नियमाला जागून पुढे आकडे लावते. काका कक, काकू कक-१, केक कक-२, कोको कक-३. काका येणार नाहीत असे कळले, त्यांचे नाव काढले, की काकू नुसत्या ‘कक’ होतात आणि काकूंचा जुना दुवा केकवर जाऊन पोचतो. विष्णूचा ‘वषण’ होतो, लिंबाचे ‘लब’ उरते. मामा, मामी आणि मेमो यांचे काय होते, हे सांगायला नको. पहिलीच्या मुलाने काना गाळला तर बाई लाल शाईने खूण करतात. इथे सगळेच काने गाळलेले असतात आणि साधन काम फत्ते झाल्याचे कळवते. याचे हसू येते, पण फार वेळ टिकत नाही.

कारण तुटलेला दुवा ओरडत नाही. आयडी सापडला नाही, तर ब्राउझर कुरकुर न करता पानाच्या माथ्यावरच उभा राहतो. मुलीने आईला पथ्याच्या यादीतला नेमका मुद्दा पाठवलेला असतो. आईपुढे अख्खे पान उघडते. ती वरपासून वाचू लागते आणि मोबाइल आपल्यालाच जमत नाही असे धरून चालते.

म्हणून ज्या मुद्द्याकडे कोणी बोट दाखवण्याची शक्यता आहे त्याला आयडी हाताने द्यावा, मजकूर बदलला तरी तो बदलू नये आणि मुद्दा काढून टाकला तर त्याचा आयडी दुसऱ्याला देऊ नये. लिपीची आडकाठी आता नाही. एचटीएमएल ४मध्ये आयडीची सुरुवात रोमन अक्षराने करावी लागे. २०१४च्या एचटीएमएल ५ने ती अट काढली. मात्र देवनागरी आयडीचा दुवा पाठवताना प्रत्येक खुणेचे टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ वर्ण होऊ शकतात आणि चार खुणांच्या काकू छत्तीस वर्ण लांब होतात. रोमन आयडी आटोपशीर पडतो. प्रस्तुत लेखक देवनागरीच वापरतो; दुवे लांब होतात अशी तक्रार कोणी केलेली नाही, कारण ते कोणी पाठवत नाही.